मशीन घ्यायची, तर आधी मिस्त्रीला विचारा

कपडे धुण्याची मशीन बंद पडल्याची बातमी घरातल्या पुरुषांना दोन दिवसांनी कळते. बायकांना ती त्याच सकाळी कळलेली असते. आमच्याकडे शाबान महिना निम्मा सरला होता. घरात सात माणसे. दादी अंथरुणावर, भाभीचे बाळ आठ महिन्यांचे, अम्मींचे गुडघे दुखरे. दादींच्या चादरी दिवसातून दोन-तीनदा बदलाव्या लागतात, बाळाचे लंगोट वेगळेच. रमजान पंधरा दिवसांवर आलेला. अशा वेळी चौदा वर्षांची मशीन गुरगुरली आणि थांबली. दुरुस्त करायची की नवी घ्यायची? आणि नवी घ्यायची, तर टिकेल अशी कोणती?

वाचक भगिनींपैकीही अनेकींच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच, म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे. मात्र आधीच सांगून ठेवतो, कंपनीचे नाव आम्ही सुचवणार नाही. नाव छापले की सदराची दुकानदारी होते. शिवाय पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षे बिनतक्रार चालणारी मशीन आमच्या हिंगणीत दोन वर्षांत मान टाकू शकते. आमचे गाव सेलू तालुक्यातले, बोर धरणाच्या आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचे. वाघ पाहायला लांबलांबचे पाहुणे गावावरून जातात, पण मशीन बिघडली म्हणून कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो पहिल्यांदा विचारतो, "हिंगणी म्हणजे नेमकं कुठं?" पाणी वेगळे, वीज वेगळी, वाट वेगळी. म्हणून टिकाऊपणाचा अर्थही इथे वेगळा.

जुनी मशीन आम्ही लगेच भंगारात काढली नाही, सेलूहून मिस्त्री बोलावला. मशीन टाकून देण्याआधी ती एकदा कोणाकडून तरी उघडून पाहावी, असे आमचे मत आहे. दोन टबांच्या, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधली निम्मी दुखणी किरकोळ असतात. पट्टा सैल होतो, कपॅसिटर जातो, पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये टाचणी अडकते, सुकवणीचा ब्रेक झिजतो, टायमर अडतो. ही कामे काही शे रुपयांत होतात आणि मशीन आणखी दोन-तीन वर्षे चालते. धुण्याच्या टबाखालचा गिअर बॉक्स गेला, तर खर्च वाढतो. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळले, तर तो खर्च हजारांत जातो. आणि समोरून दार असलेल्या मशीनचे बेअरिंग गेले, तर पुष्कळ मॉडेलांत बाहेरचा प्लास्टिकचा टब कायमचा जोडलेला असल्याने बेअरिंग एकटे बदलता येत नाही, टबासकट सगळा जोडच बदलावा लागतो. मिस्त्री लोकांचा एक ढोबळ हिशेब असतो: मशीन आठ-दहा वर्षांची झाली असेल आणि दुरुस्ती नव्या मशीनच्या निम्म्या किमतीला पोचत असेल, तर पैसा नव्यात घालावा.

आमच्या मशीनचा गिअर बॉक्स गेला होता. खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता आणि उंदरांनी वायरींचे लचके तोडले होते. मिस्त्रीने टॉर्च मारून तिन्ही गोष्टी दाखवल्या आणि म्हणाला, "भाऊ, आता हिला नका छळू." मग आम्ही त्यालाच विचारले, की तू स्वतःच्या घरी कोणती घेशील? त्याने कोणत्याच कंपनीचे नाव घेतले नाही. "जिचं सामान सेलूत नाही तर वर्ध्यात भेटते, ती घेईन. बाकी सगळ्या सारख्याच धुतात."

दुकानदाराच्या तासाभराच्या माहितीपेक्षा हे एक वाक्य आम्हाला जास्त उपयोगी पडले. गावातल्या घरासाठी टिकाऊ मशीन म्हणजे कधीच न बिघडणारी मशीन नव्हे. तशी कोणी बनवत नाही. बिघडल्यावर चार दिवसांत पुन्हा चालू होणारी ती टिकाऊ.

नाव मोठे असले म्हणजे सामान मिळेल, असा भरवसा धरू नये. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात मशीन म्हटले की पुष्कळ घरांत व्हिडिओकॉनचे नाव निघे. आपल्याच मराठवाड्यातली कंपनी, पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा मोठा कारखाना. हीच कंपनी कर्जात अडकून २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एवढे मोठे नाव असे मागे पडू शकते, हे आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. तरी त्या काळच्या साध्या दोन टबांच्या मशिनी कुठे कुठे अजून चालताना दिसतात, कारण त्यांना लागणारा पट्टा, कपॅसिटर, टायमर बाजारात सुटा मिळतो आणि कोणत्याही गावचा मिस्त्री तो बसवतो. ज्या मशीनचे कार्ड फक्त कंपनीच देऊ शकते, तिचे आयुष्य कंपनीच्या आयुष्याला बांधलेले असते.

युरोपात या गोष्टीचा कायदाच झाला आहे. मार्च २०२१ पासून तिथे कपडे धुण्याच्या मशीनचे मुख्य सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर दहा वर्षांपर्यंत उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षी समोरून दाराच्या मशीनवर ती दुरुस्त करणे किती सोपे, याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले होते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले. वॉरंटी, सुटे भाग, सेवा केंद्रे यांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी, असा हेतू आहे. घरात कॉलेजला जाणारे मूल असेल, तर खरेदीआधी तेवढे पाहून घ्यायला सांगावे. पण पोर्टलपेक्षा सोपी परीक्षा आम्ही केली. पसंतीच्या दोन मॉडेलांचे नंबर कागदावर लिहिले आणि वर्ध्यातल्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन विचारले, "याचा पट्टा आणि ड्रेन व्हॉल्व्ह आहे का?" एकाचे दोन्ही भाग दुकानदाराने तिथल्या तिथे काउंटरवर ठेवले. दुसऱ्यासाठी "नागपूरहून मागवावे लागेल" असे म्हणाला. आमची निम्मी निवड तिथेच झाली.

आता पाण्याकडे वळू, कारण ऑटोमॅटिक मशीन घेणाऱ्यांची सर्वांत जास्त निराशा पाण्यापायी होते. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन स्वतः पाणी ओढून घेत नाही. नळाच्या दाबाने पाणी आत येते. अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेत कमीत कमी दाब ०.०३ किंवा ०.०५ मेगापास्कल असा बारीक अक्षरात छापलेला असतो. याचा आपल्या भाषेतला अर्थ असा: मशीनच्या नळापासून टाकीतल्या पाण्याची उंची निदान तीन मीटर, म्हणजे दहा फूट हवी, दुसऱ्या आकड्याला पाच मीटर. आता आपले एकमजली घर डोळ्यांसमोर आणा. स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली, मशीनचा नळ जमिनीपासून तीन फुटांवर. टाकी भरलेली असली तर दहा फूट जेमतेम होतात. निम्मी झाली की दाब कमी, मशीन पाण्याची वाट पाहत उभी राहते आणि पडद्यावर कसलीशी अक्षरे चमकू लागतात. आपण कंपनीला दोष देतो, आणि कंपनीचा माणूस येऊन "मशीन ठीक आहे, पाणी नाही" असे लिहून जातो. इलाज दोन आहेत. टाकीखाली चार-पाच फुटांचा लोखंडी स्टँड करायचा किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवायचा. दोन्हींचा खर्च मशीनच्या किमतीत आधीच धरून ठेवावा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जडपणाची. विहीर-बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, ती क्षारांची. पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक आहे, त्यात एका लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतात आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या पाण्यात किती, ते गावच्या जलसुरक्षकामार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर कळते. घरगुती अंदाज घ्यायचा, तर एका बाटलीत बोअरचे पाणी आणि दुसरीत पावसाचे साठवलेले पाणी घ्या, दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. जड पाण्यात फेस थोडा आणि वर साय जास्त येते. अशा पाण्यात पावडर जास्त लागते, काळ्या बुरख्यावर पांढरट डाग राहतात, आणि ज्या मशीनमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो त्यावर खडूसारखा थर बसतो. म्हणून आमच्याकडच्या पाण्याला हीटरची मशीन घ्यायची, तर दर दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, शंभरेक ग्रॅम टाकून रिकामी मशीन गरम पाण्यावर चालवण्याची तयारी ठेवावी. त्या वेळी ब्लीच मात्र चुकूनही टाकू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

विजेचे थोडक्यात सांगतो. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी आमच्याकडचे दिवे कसे मिणमिणतात, हे वेगळे सांगायला नको. दोन टबांची मशीन साधारण साडेतीनशे-चारशे वॅटची असते आणि तिच्यात जळण्यासारखे कार्ड बहुधा नसते. हीटर असलेली मशीन दोन हजार वॅटपर्यंत जाते. तिला जाड वायर आणि सोळा अँपिअरचे सॉकेट लागते. ऑटोमॅटिक घेतलीच, तर स्टॅबिलायझर घ्यावा, आणि मृगात वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवावा. अर्थिंगच्या बाबतीत मात्र तडजोड नको. ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी, लोखंडी मशीनला हात लावायचा असतो. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. मशीन घरात येण्याआधी वायरमनला बोलावून तेवढे तपासून घ्या.

किती किलोची घ्यावी? पाटीवर लिहिलेले सात किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते, आणि टब काठोकाठ भरायचा नसतो. एक जीन्स अर्ध्या किलोच्या पुढे जाते, डबल बेडची चादर किलोच्या आसपास. चार-पाच माणसांना सात किलो, सात-आठ माणसांना आठ-नऊ. आमच्याकडे चादरींचाच भार, म्हणून आम्ही साडेआठची पाहिली. ब्लँकेटसाठी मोठी मशीन घेणारे बरेच असतात. वर्षातून दोनदा धुवायच्या ब्लँकेटसाठी रोज मोठा टब फिरवणे आम्हाला पटत नाही.

उंदरांचा प्रश्न शहरातल्या जाहिरातीत कधी दिसत नाही, पण शेताला लागून असलेल्या घरात मशिनी मरतात त्या पुष्कळदा उंदरांपायी. दुकानात मशीन तिरपी करून तळ पाहा. खाली पूर्ण झाकण किंवा बारीक जाळी हवी. शरीर शक्यतो प्लास्टिकचे घ्यावे. न्हाणीघराजवळच्या ओलीत पत्रा गंजतो, प्लास्टिक गंजत नाही. आणि हिजाबच्या टाचण्या! मिस्त्रीने आमच्या जुन्या मशीनच्या पोटातून अकरा टाचण्या, दोन सेफ्टी पिना आणि एक रुपयाचे नाणे काढले. दुपट्टे आणि बुरखे जाळीच्या पिशवीत घालून धुवावेत. कापडही जपले जाते आणि व्हॉल्व्हही.

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग साधी दोन टबांचीच घ्या, त्यात विचार कसला? घरात अब्बूंनी हेच म्हटले. भाभी चहा गाळत होती, तिथूनच म्हणाली, "अब्बू, त्या मशीनजवळ उभे कोण राहणार?"

हा प्रश्न टाळून केलेली कोणतीही निवड खोटी ठरते. सेमी-ऑटोमॅटिक मशीन निम्मेच काम करते. पाणी भरायचे, साबणाचे पाणी सोडायचे, पुन्हा भरून खळबळायचे, ओले जड कपडे उचलून सुकवणीत घालायचे: एका घाण्याला चार वेळा उठबस. ज्या बाईचे गुडघे गेले आहेत किंवा जिच्या कडेवर मूल आहे, तिच्यासाठी ही मशीन स्वस्त नाही. तिची किंमत फक्त वेगळ्या खात्यात लिहिली जाते. म्हणून ज्यांच्याकडे टाकी उंचावर आहे, वीज बरी आहे आणि तालुक्याला कंपनीचा माणूस बसतो, त्यांनी वरून कपडे टाकायची साधी पूर्ण ऑटोमॅटिक मशीन खुशाल घ्यावी. हीटर, वायफाय, मोबाईलवरून चालवणे असली खोगीरभरती नसलेली घ्यावी. मिस्त्रीची सोय पाहता पाहता बाईची कंबर मोडू नये.

आमच्या घरी पारडे दुसरीकडे झुकले ते दादींच्या चादरींमुळे. ती धुणी वेळ पाहून येत नाहीत. नळ गेलेला असतो, टाकी तळाला असते, तरी दोन बादल्या ओतून मशीन लगेच फिरवता आली पाहिजे. ऑटोमॅटिकमध्ये ते जमायला कठीण. आणि त्यातच दुसरा प्रश्न होता, जो आपल्या घरांत हमखास निघतो: मशीनमध्ये कपडे पाक होतात का?

होतात, पण मशीन आपोआप ते करत नाही, आपण करवून घ्यावे लागते. हनफी मसलकात डोळ्यांना दिसणारी नजासत असेल, तर ती निघून जाणे ही मुख्य गोष्ट. न दिसणारी असेल, तर तीनदा धुवून दर वेळी पिळणे. कोकणातल्या आपल्या शाफई घरांत तपशील थोडा वेगळा आहे. ज्याने त्याने आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. व्यवहारात आम्ही असे करतो: मळलेला भाग आधी नळाखाली वाहत्या पाण्यात वेगळा धुवून काढतो, मग चादर मशीनमध्ये जाते. साबणाचे पाणी पूर्ण सोडून द्यायचे, मग ताज्या पाण्याने तीनदा खळबळायचे आणि दर वेळी सुकवणीत फिरवून पाणी काढायचे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकाच साबणाच्या पाण्यात तीन-तीन घाणे काढायची सवय असते. पाणी वाचते खरे, पण बाळाचे लंगोट आणि अब्बूंचा नमाजचा कुर्ता एकाच पाण्यात नको. ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी दुकानात एक बटण आवर्जून पाहावे: खळबळण्याच्या फेऱ्या वाढवता येतात का? 'एक्स्ट्रा रिन्स' असे त्यावर लिहिलेले असते. काही स्वस्त मॉडेलांत ते नसते.

उभे राहण्याचा प्रश्न आम्ही वाटून घेतला. सुकवणीत कपडे घालणे आणि दोरीवर टाकणे हे अब्बू आणि मोठ्या मुलाकडे आले. पहिल्या आठवड्यात थोडी कुरकुर झाली. अम्मींनी एवढेच विचारले, की पैगंबर (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असायचे, असे हजरत आयेशा (र.) सांगतात, ते आपण फक्त जुम्याला ऐकायचे का? कुरकुर थांबली.

आता पैशांचे. सध्या बाजारात सात-आठ किलोची दोन टबांची मशीन साधारण दहा ते चौदा हजारांत, वरून कपडे टाकायची ऑटोमॅटिक पंधरा ते पंचवीस हजारांत आणि समोरून दाराची पंचवीस हजारांच्या पुढे मिळते. दुकानात शिरताच "बिनव्याजी हप्ता करून देतो, दादा" असे ऐकू येते. हा बिनव्याजी हप्ता म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे. बहुतेक वेळा बँक किंवा फायनान्स कंपनी व्याज लावतेच. तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार सवलत म्हणून वळती करतो. करारावर व्याज छापलेले असते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, व्याज दुसऱ्या नावाखाली लपवलेले असते. ज्यांना सूद टाळायचा आहे, त्यांनी पाटी पाहून भुलू नये, कागद वाचावा. दुकानदाराला सरळ विचारावे: रोख घेतली तर किती? रोखीत किंमत खाली आली, तर तो फरक म्हणजेच हप्त्याची किंमत.

याउलट ओळखीचा दुकानदार स्वतःच्या वहीवर एकच किंमत ठरवून चार महिन्यांत पैसे घ्यायला तयार असेल, तर तो उधारीचा सौदा आहे, कर्ज नव्हे. बहुतेक उलेमा तो जायज मानतात, फक्त किंमत एकदाच ठरलेली हवी आणि उशीर झाला म्हणून ती वाढू नये. आमच्याकडे मोहल्ल्यातल्या बायकांची बीसी आहे. दहा जणी, महिन्याला हजार, बोली नाही, चिठ्ठी काढून नंबर. ज्या भगिनीचा नंबर होता, तिने स्वतःहून भाभीला आपला नंबर दिला आणि भाभीचा पुढचा घेतला. बोलीची बीसी मात्र यात धरू नये. तिथे गरजवंत कमी रक्कम उचलतो आणि बाकीचे त्याची गरज वाटून खातात.

दुकानात शेवटी दोन गोष्टींवर ताणले जाते, वॉरंटी आणि जुन्या मशीनचा बदला. "मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी" हे मोठ्या अक्षरात असते. पण ती बहुधा फक्त मोटरची असते. येण्याजाण्याचे, उघडण्याचे, बसवण्याचे पैसे आपले. पूर्ण मशीनची वॉरंटी किती, हा खरा प्रश्न. ती बहुधा दोन वर्षांची असते. हिंगणीपर्यंत येण्याचा आकार लागणार का, तेही बिलावर लिहून घ्यावे. तोंडी "नाही हो, फ्री आहे" याला नंतर अर्थ उरत नाही. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. बिल हातात असेल तरच बोलण्याला वजन येते. जुन्या मशीनचे दुकानदार हजार देत होता, सेलूच्या मिस्त्रीने बाराशे दिले. आतली मोटर चांगली होती, ती आता दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनमध्ये फिरत असेल.

मशीन घरी आली की लगेच घाणा टाकू नये. सुकवणीच्या टबात आणि तळाशी वाहतुकीसाठी पुठ्ठे, फोम भरलेले असतात. समोरून दाराच्या मशीनला मागे वाहतुकीचे बोल्ट असतात. ते न काढता मशीन चालवली, तर ती खोलीभर नाचते आणि आतून मोडते. पाणसळ लावून चारही पाय जमिनीला टेकवावेत. पहिला घाणा रिकामा, नुसत्या पाण्याचा. ड्रेनचा पाइप मोरीच्या तोंडापेक्षा उंच जात नाही ना, हे पाहावे, कारण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाणी उताराने जाते, पंपाने नाही.

बिलावर मशीनचा अनुक्रमांक लिहिलेला आहे का, तो मागच्या स्टिकरशी जुळतो का, हे दुकानाचा माणूस समोर असतानाच पाहावे. थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात कोरे होते, म्हणून त्याची झेरॉक्स काढून ठेवावी. आम्ही बिलाचा आणि स्टिकरचा फोटो त्याच संध्याकाळी सेलूच्या मिस्त्रीला पाठवला. इशाच्या सुमारास त्याचे उत्तर आले. त्यात सलाम नव्हता की मुबारकबाद नव्हती, फक्त पट्ट्याचा नंबर लिहिला होता आणि पुढे, "एक घेऊन ठेवला."